जुन्या द्राक्षवेली आणि मराठवाड्याचा शेतकरी

सोयाबीन आणि तूर यांच्या भावातील चढउताराने गांजलेला शेतकरी जेव्हा फळबागेचा विचार करू लागतो, तेव्हा त्याच्या कानावर नाना प्रकारच्या वार्ता येतात. त्यांपैकी एक वार्ता स्पेन देशाची आहे. तेथे म्हणे आपल्या निम्माच पाऊस पडतो. तरीही ऐंशी-शंभर वर्षांच्या द्राक्षवेली उघड्या माळावर विनापाण्याच्या उभ्या आहेत, आणि त्यांच्या काळ्या द्राक्षांपासून होणारी गडद, भरदार तांबडी वाईन जगाच्या बाजारात मोठ्या किमतीस जाते. मग औशाच्या माळावर अथवा कंधारच्या बरड जमिनीत तेच का होऊ नये, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यास हा प्रश्न केव्हा ना केव्हा विचारला जाणारच.

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर एका शब्दात देण्याजोगे नाही. ज्याने उत्साहाच्या भरात 'होय' म्हटले, तो शेतकऱ्यास कर्जात लोटण्याचा संभव आहे. आणि ज्याने कंटाळून 'नाही' म्हटले, तो स्पेनच्या शेतकऱ्याने शतकभराच्या अनुभवातून मिळविलेले शहाणपण दारातून परत पाठवील. म्हणून वार्तेत खरे किती, ते का खरे आहे आणि लातूर-नांदेडच्या शेतीस त्यातून घेण्यासारखे काय, याचा क्रमाने विचार करणे अगत्याचे आहे.

स्पेनमधील जुनी वेल

द्राक्षाखालील क्षेत्राच्या बाबतीत स्पेन हा जगात अग्रेसर देश आहे. त्यातील ला मांचा, हुमिल्या, तोरो यांसारख्या भागांत वर्षाकाठी सुमारे ३०० ते ४०० मिलिमीटर एवढाच पाऊस पडतो. अशा जमिनीत तेथील शेतकऱ्यांनी पूर्वापार गार्नाचा, मोनास्त्रेल, कारिन्येना, टेंप्रानिल्यो या काळ्या जाती लावल्या. दोन वेलींमध्ये आणि दोन ओळींमध्ये अडीच मीटर अंतर ठेवण्याची पद्धत ला मांचा भागात रूढ आहे. या अंतराने एकरी साडेसहाशेच्या आत-बाहेर वेली बसतात. आपल्याकडे ९ फूट बाय ५ फूट अंतरावर एकरी सुमारे ९७० वेली लावतात, हे लक्षात घेतले म्हणजे तेथील शेतकरी प्रत्येक वेलीस किती मोकळी जमीन देतो, हे कळून येईल.

या वेलींना तारांचा मांडव नसतो. गुडघाभर उंचीचे जाड खोड, त्यावर चार-पाच आखूड हात, आणि प्रत्येक हातावर एक-दोन डोळ्यांच्या काड्या, एवढाच तिचा संसार. पालवी फुटली की वेल झुडपासारखी दिसते आणि आपली सावली आपल्याच बुंध्यावर धरते. जमिनीतील ओल वाऱ्या-उन्हाने उडू नये म्हणून वरचा थर उथळ नांगरटीने भुसभुशीत ठेवतात. पाण्याविषयी तर तेथे एवढा कटाक्ष होता की, १९९६ पर्यंत द्राक्षबागेस पाणी देण्यास कायद्यानेच सर्वसाधारणपणे मनाई होती.

या वेली एवढ्या जुन्या कशा राहिल्या, यासही इतिहास आहे. १८६० नंतर फ्रान्समध्ये आणि १८७८ च्या सुमारास स्पेनमध्ये फायलोक्सेरा नावाची मुळांवरील कीड आली आणि तिने युरोपातील बहुतेक बागा उद्ध्वस्त केल्या. अखेर अमेरिकेतील रानटी द्राक्षाच्या खुंटावर युरोपी जातीचे कलम बांधून बागा पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. परंतु ही कीड वाळूच्या जमिनीत टिकत नाही. म्हणून तोरो व हुमिल्या भागांतील वालुकामय जमिनीत स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या फार जुन्या वेली आजही आढळतात. सारांश, त्यांच्या दीर्घायुष्यात शेतकऱ्याच्या कष्टाइतकाच जमिनीच्या गुणाचाही वाटा आहे.

जुन्या वेलीच्या द्राक्षात वेगळे काय असते? तिची मुळे वर्षानुवर्षे खोल गेलेली असतात. त्यामुळे पावसाचा ताण पडला तरी ती एकाएकी कोमेजत नाही. जाड खोडात व मुळांत अन्नाचा साठा मोठा असतो. घड थोडे आणि मणी लहान येतात. मणी लहान असला की रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. आणि तांबड्या वाईनचा रंग व तुरटपणा बव्हंशी सालीतूनच उतरत असल्याने तिला गडदपणा आणि भरदारपणा येतो. एका वेलीवर किलो-दीड किलो माल आला तरी तेथील शेतकरी समाधान मानतो. मात्र केवळ वय झाले म्हणून वेल थोर होत नाही. जात चुकीची असेल, जमीन अयोग्य असेल, तर शंभर वर्षांची वेलही सामान्यच फळ देईल. थोडा भार, योग्य जमीन आणि दीर्घ निगा या तिहींचा मेळ बसला, तरच वयाला मोल येते.

प्रिओरातचा अनुभव

स्पेनच्या ईशान्येस प्रिओरात नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे बाराव्या शतकात ख्रिस्ती साधूंनी मठ स्थापिला आणि द्राक्षशेती रुजविली. जमीन म्हणजे काळसर दगडाच्या चिपा. उतार एवढा तीव्र की यंत्र चालविणे दुष्कर. फायलोक्सेराने बागा गेल्यावर लोक डोंगर सोडून चालते झाले. जे राहिले त्यांनी सहकाराचा आश्रय घेतला. जवळच्या फाल्सेत गावी १९१९ साली उभारलेली सहकारी वाईनशाळा आजही उभी आहे. तथापि माल ढोबळ भावाने विकला जाई, वेल उत्पन्न देईना, आणि तरुण मंडळी शहरांकडे जात राहिली. उतारावरील जुन्या गार्नाचा व कारिन्येनाच्या वेली ओस पडू लागल्या.

१९८० नंतरच्या दशकात रेने बार्बिए, आल्वारो पालासियोस आणि त्यांचे काही सहकारी ग्राताल्योप्स या लहानशा गावी आले. त्यांनी या वेलींचे थोडेसेच पण सकस फळ वेगळे काढून १९८९ च्या हंगामाची वाईन स्वतंत्र नावाने बाजारात आणली. पुढील काही वर्षांत प्रिओरातचे नाव जगभर गेले आणि स्पेनमधील मूळस्थान-नामांकनाच्या सर्वोच्च श्रेणीत या प्रदेशाची गणना झाली. ज्या वेली निरुपयोगी म्हणून टाकून दिल्या होत्या, त्याच प्रदेशाचे भांडवल ठरल्या.

या हकीगतीतील मर्म नीट समजून घेतले पाहिजे. प्रिओरातच्या शेतकऱ्याने उत्पादन वाढविले नाही. त्याचा माल ढिगातून वेगळा निघाला आणि त्यास गावाचे नाव मिळाले. वेल कालही तीच होती, आजही तीच आहे. बदलली ती विकण्याची रीत. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

हवामानाचा भेद

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. द्राक्ष मराठवाड्यास नवे नाही. चौदाव्या शतकात भारतात आलेला प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादेस द्राक्षे व डाळिंबे पिकतात आणि वर्षातून दोनदा फळ येते, असे नमूद केले आहे. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात शेतकऱ्यांनी द्राक्षबागा जोपासल्या आहेत. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेला हा परिसर पुन्हा शेतीवरच उभा राहिला, ही त्या शेतकऱ्यांच्या जिद्दीची साक्ष होय.

परंतु इब्न बतूताने जे कौतुकाने लिहिले, त्यातच आपली अडचणही दडलेली आहे. स्पेनमध्ये पाऊस प्रामुख्याने शरद ते वसंत या काळात पडतो. हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपी जाते, वसंतात जागी होते आणि कोरड्या उन्हाळ्यात फळ पिकविते. म्हणजे ओल आधी साठते, फळ मागाहून येते. आपल्याकडे लातूरला सरासरीने स्पेनच्या या भागांच्या दुपटीच्या आसपास पाऊस होतो, नांदेडला त्याहून अधिक. परंतु तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या दमट दिवसांत केवडा, भुरी व करपा हे रोग वेलीवर चालून येतात. थंडी एवढी पडत नाही की वेल पूर्ण झोपावी. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून वेलीस फुटावयास लावावे लागते, आणि पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येते.

खरड छाटणीनंतर जी काडी वाढते, तिच्या डोळ्यांतच पुढील हंगामाचा घड घडत असतो. हा काळ एप्रिल, मे, जूनचा. नेमक्या याच दिवसांत मराठवाड्याच्या विहिरी तळ गाठतात. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहरास पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. पहिल्या गाडीने १२ एप्रिल रोजी पाच लाख लिटर पाणी पोहोचविले. ज्या महिन्यात माणसाच्या घागरीसाठी आगगाडी धावते, त्याच महिन्यात द्राक्षवेल पाणी मागते, हे विसरून बागेचा हिशेब करणे म्हणजे आत्मवंचना होय. स्पेनची विनापाण्याची वेल जशीच्या तशी आणून बालाघाटाच्या माळावर लावली, तर ती तेथल्यासारखी वागणार नाही. तिचा स्वभाव तोच; पण पावसाचे वेळापत्रक निराळे.

आपल्या वेली अकाली म्हाताऱ्या का होतात?

येथे एका कठोर सत्याकडे लक्ष वेधणे भाग आहे. स्पेनमध्ये पंचवीस-तीस वर्षांच्या वेलीस कोणी जुनी म्हणावयास तयार होत नाही. आपल्याकडे बारा ते पंधरा वर्षांत बहुतेक बागा थकतात आणि उपटल्या जातात. याचा दोष संपूर्णपणे हवामानावर टाकता येणार नाही.

वर्षातून दोनदा छाटल्याने वेलीचा साठा दोनदा खर्ची पडतो, हे खरे. परंतु त्यावर पहिल्या-दुसऱ्या बहारातच क्षमतेबाहेर घड ठेवणे, मणी फुगविण्यासाठी संजीवकांचा अतिरेक करणे, पाणी कमी पडले की क्षारयुक्त बोअरचे पाणी सोडणे, चुनखडीच्या वा निचरा नसलेल्या भारी काळ्या जमिनीत बाग लावणे, छाटणीच्या जखमा तशाच उघड्या ठेवणे आणि खोडकिडीकडे दुर्लक्ष करणे, या चुका माणसाच्या आहेत. ओलांड्यावर जागोजाग मेलेली टोके दिसू लागली की बाग म्हातारी झाली असे शेतकरी म्हणतो. वास्तविक ती म्हातारी झालेली नसून तिला राबवून थकविलेले असते.

अवर्षण व क्षार सोसणारा डॉगरिजसारखा खुंट वापरण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली, त्याने पुष्कळ बागा वाचल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंट लावावा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर पाचर कलम करावे, ही पद्धत आता सर्वत्र परिचित आहे. मात्र खुंट हा अपराधांवर पांघरूण घालण्यासाठी नसतो. मजबूत खुंटावरील वेलही अतिभाराने मोडते. ज्यांच्याजवळ आज बाग आहे, त्यांनी ती पाच वर्षे अधिक टिकविली, तर नवीन लागवडीचा, मांडवाचा आणि फळाविना जाणाऱ्या पहिल्या वर्षांचा खर्च वाचतो. ही बचत कोणत्याही अनुदानाहून लहान नाही.

वाईनच्या द्राक्षाचा बाजार

ज्यांना एवढे समजावूनही वाईनच्या द्राक्षांचे आकर्षण वाटते, त्यांनी बाजाराचा विचार करावा. खाण्याच्या द्राक्षास तीन वाटा मोकळ्या असतात. भाव असेल तर ताजी विक्री, दर्जा उत्तम असेल तर निर्यात आणि दोन्ही फसल्यास बेदाणा. वाईनच्या द्राक्षास एकच वाट असते. त्याचा मणी लहान, बियांचा आणि जाड सालीचा. मंडईत त्यास गिऱ्हाईक नाही व बेदाण्यासही तो उपयोगी नाही. तोडणी झाल्यावर थोड्याच तासांत तो कारखान्यात पोहोचला पाहिजे. कारखानदाराने पाठ फिरविली की तो माल शेतकऱ्याच्या दारातच कुजतो.

ही भीती काल्पनिक नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ साली वाईन उद्योगास प्रोत्साहन देणारे धोरण जाहीर केले; नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे व सांगली जिल्ह्यात पलूस येथे त्यासाठी खास औद्योगिक क्षेत्रे आखण्यात आली. अनेक शेतकऱ्यांनी खाण्याच्या द्राक्षांऐवजी वाईनची द्राक्षे लावली. २००८ साली जागतिक मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांचा व्यवसाय बसला, आणि कारखान्यांत वाईनचे साठे पडून राहिले. पुढील दोन-तीन वर्षांत कित्येक शेतकऱ्यांचे पैसे अडकले, कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या किंवा त्यांवर दुसऱ्या जातीचे कलम केले. जुन्या वेलीचे कौतुक करणाऱ्या या व्यवसायात आपल्याकडील बहुसंख्य वेलींना तरुणपणही लाभले नाही, ही खेदाची गोष्ट होय. पुढे उद्योग सावरला. नाशिकच्या दिंडोरी भागात थोड्या क्षेत्रावर टेंप्रानिल्योसारखी स्पेनची जातही लावली गेली. परंतु विंचूर असो वा पलूस, लातूर-नांदेडहून दोन्ही दूर आहेत, आणि नाजूक माल लांब नेण्याचा भुर्दंड सोसणारा शेवटी शेतकरीच असतो.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. एकरी ९७० वेली आणि वेलीस १० किलो खाण्याची द्राक्षे धरली, तर ९,७०० किलो माल होतो. जुन्या स्पॅनिश वेलीप्रमाणे वेलीस दीड किलोच माल घेतला, तर १,४५५ किलो होतो. म्हणजे ढोबळ उत्पन्न बरोबरीचे यावयाचे असेल, तर त्या द्राक्षास जवळजवळ सातपट भाव मिळाला पाहिजे. हा भाव कोण देणार, किती वर्षे देणार आणि तो लेखी देणार काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून एकही खड्डा खणू नये.

मद्याविषयी स्पष्ट मत

वाईन हे पेय मद्यच आहे. जुन्या वेलींच्या भरदार तांबड्या वाईनमध्ये मद्यार्काचे प्रमाण चौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत जाते. ती हृदयास हितकर असल्याचा प्रचार अधूनमधून ऐकू येतो. परंतु मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास आळा घालण्याची दिशा राज्यास दाखविली आहे. दारूपायी मोडलेले संसार प्रत्येक गावाने पाहिले आहेत, आणि बाटली आडवी करण्यासाठी मतदानास उभ्या राहिलेल्या भगिनीही याच महाराष्ट्रातील आहेत. म्हणून एखाद्या शेतकऱ्याने कारखान्यास द्राक्ष विकणे हा त्याचा कायदेशीर व्यवसाय असला, तरी विस्तार कार्यकर्त्याने वाईनचा प्रचारक होण्याचे कारण नाही. द्राक्षशास्त्र सांगावे, पेयाची भलामण करू नये.

आपली 'जुनी वेल' कोणती?

एवढे सर्व सांगून झाल्यावर स्पेनकडून घ्यावयाचे तरी काय, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर प्रिओरातच्या हकीगतीत आहे. जेथे पाणी थोडे आणि जमीन हलकी, तेथे आधीपासून रुजलेले, त्या मातीशी जमवून घेतलेले, खोल मुळांचे झाड शोधावे. त्याच्यावर अवाजवी भार टाकू नये. आणि त्याचा माल ढिगात न विकता गावाच्या नावाने विकावा.

असे झाड लातूर-नांदेडमध्ये नाही काय? निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीची चिंच पाहावी. २०२४ साली या चिंचेस, त्याच तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीस, तसेच लातूर जिल्ह्यातीलच कास्ती कोथिंबिरीस भौगोलिक मानांकन मिळाले. लातूरची बाजारपेठ चिंचेच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. चिंचेचे झाड शंभर वर्षांहून अधिक जगते, उन्हाळ्यात त्यास कोणी पाणी घालीत नाही, आणि दुष्काळात इतर पिके गेली तरी ते काही ना काही देतेच. स्पेनच्या माळावरील वेल ज्या कारणाने मौल्यवान ठरली, नेमक्या त्याच कारणांनी बांधावरील जुनी चिंच मौल्यवान आहे.

तथापि तिचे आज काय होत आहे? रस्ता रुंद झाला की ती तोडली जाते. घरात अडचण आली की तिचे लाकूड विकले जाते. फळ बहुधा झाडावरच गुत्त्याने दिले जाते. व्यापारी झोडणी करतो, चांगली-वाईट एकत्र करतो, आणि मालकाच्या हाती ठोक रक्कम पडते. पानचिंचोलीचे नाव त्या पोत्यावर कोठेही नसते. प्रिओरातचे शेतकरी १९८९ पूर्वी ज्या अवस्थेत होते, त्याहून ही अवस्था भिन्न नाही.

नांदेड जिल्ह्याचा अनुभवही हेच सांगतो. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने गावरानी या देशी कापसाचे निवडक वाण दिले, आणि पुढे त्याच केंद्राच्या 'नांदेड ४४' या संकरित वाणाने जिल्ह्याचे नाव दूरवर नेले. अर्धापूरची केळी आपल्या गावाच्या नावावर ओळखली जातात. नाव ही मालमत्ता आहे, हे या भागास ठाऊक नाही असे नाही. ते जपण्याची व्यवस्था मात्र अपुरी पडते. कंधार, मुखेडच्या डोंगरकडांवरील सीताफळ टोपल्यांतून येईल त्या भावाने विकले जाते, ते याच अव्यवस्थेमुळे.

मानांकन मिळाले म्हणजे काम संपले, अशी समजूत करून घेणे घातक आहे. १९९९ च्या कायद्यानुसार मानांकनाची नोंद दहा वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या नावाचा वापर करू इच्छिणाऱ्या प्रत्येक उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करावयाची असते. शेतकऱ्यांनी ही नोंदणी केली नाही, तर कागदावर मान मिळेल आणि बाजारात नाव दुसराच वापरील.

काय करावे?

विस्तार कार्यकर्ते व शेतकरी यांनी पुढील गोष्टींचा विचार करावा, असे सुचवावेसे वाटते.

१. ज्यांच्याजवळ द्राक्षबाग आहे, त्यांनी ती उपटण्यापूर्वी कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांकडून माती, पाणी व देठ यांचे परीक्षण करून घ्यावे. एक हंगाम घडांची संख्या कमी ठेवून, मेलेले ओलांडे काढून नवे ओलांडे तयार करावेत. छाटणीच्या जखमांवर बोर्डो पेस्ट लावावी.

२. ज्यांना नवीन बाग लावावयाची आहे, त्यांनी चांगल्या वर्षातील विहिरीचे पाणी न मोजता दुष्काळी वर्षाच्या मे महिन्यातील पाणी मोजावे आणि तेवढ्यावरच क्षेत्र ठरवावे. शेततळे नसेल तर बाग नको.

३. वाईनच्या द्राक्षांची लागवड कारखान्याशी लेखी करार झाल्यावाचून करू नये. करारात जात, गोडीचे प्रमाण, भाव, उचल करण्याची मुदत आणि माल न उचलल्यास द्यावयाची भरपाई ही पाचही कलमे असावीत. सर्व जमीन त्याखाली कदापि गुंतवू नये.

४. गावातील जुन्या चिंचा, आंबे व सीताफळे यांची गणना शाळेतील मुलांच्या साहाय्याने करावी. ज्या झाडाचे फळ विशेष गरयुक्त वा विशेष गोड असेल, त्यावर खूण करून त्याची कलमे बांधावीत. छत्रपती संभाजीनगर येथील फळ संशोधन केंद्राने अशाच निवडीतून 'प्रतिष्ठान' ही चिंचेची जात दिली आहे. कलमी चिंच चार-पाच वर्षांत फळावर येते. दहा मीटर अंतरावर लावल्यास मधल्या जागेत तूर, उडीद घेता येतात.

५. झाड गुत्त्याने देण्यापूर्वी चार शेजाऱ्यांनी एकत्र बसावे. महिला बचत गटाने चिंच फोडून, गर व चिंचोके वेगळे करून, प्रतवारी लावून विकल्यास कामही गावात राहते आणि नफाही. चिंचोक्यासही खळीच्या धंद्यात मागणी असते.

६. मानांकित मालाच्या प्रत्येक उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी व्हावी. हे काम कार्यकर्त्याने आपल्या वार्षिक कार्यक्रमात समाविष्ट करावे.

समारोप

शेतीखात्याच्या कामाची मोजणी बहुधा नव्या लागवडीच्या हेक्टरांनी होते. किती रोपे वाटली, किती खड्डे झाले, याचे तक्ते भरले जातात. किती जुनी झाडे वाचली, किती बागांचे आयुष्य वाढले, याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो. ही उणीव दूर झाली पाहिजे. कारण नवीन झाड लावावयास एक दिवस पुरतो. परंतु ज्याची मुळे वीस हात खोल गेली आहेत असे झाड मिळविण्यास एक मनुष्यजन्म लागतो.

स्पेनच्या शेतकऱ्याने आपल्या आजोबाची वेल कठीण काळात राखली आणि नातवास तिचे मोल मिळाले. मराठवाड्याच्या बांधावरही आजोबांनी लावलेले काही ना काही उभे आहे. द्राक्षाचे वेड घेण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी एकदा त्या झाडाखाली जाऊन उभे राहावे, त्याच्या फळाची चव घ्यावी, आणि हे फळ आपल्या गावाच्या नावाने विकता येईल काय, याचा विचार करावा. कार्यकर्त्याने त्या विचारास वाट करून द्यावी.